२०३.८२ च्या डावीकडचा उंचवटा

माझ्या मामाने सूर्याचा कोरोना डोळ्यांनी पाहिलाय. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. तेव्हा तो डिचोलीजवळच्या एका खाणीवर मेकॅनिक होता. गावात त्या दिवशी दारं-खिडक्या बंद, आजी तर ग्रहण सुटेपर्यंत चुलीला हात लावणार नव्हती. मामा मात्र खाणीवरच्या दोघा सोबत्यांना घेऊन आदल्या रात्रीच निघाला. कारवारला काळी नदी फेरीबोटीने ओलांडली आणि तिघं अंकोल्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसले, कारण खग्रास ग्रहणाचा पट्टा तिथूनच भारतात शिरत होता. दुपारी साडेतीननंतर जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला गेला. काळ्या तबकडीभोवती शेवंतीच्या पाकळ्यांसारखं पांढरं काहीतरी चारी बाजूंनी फुटलं होतं. ते कसं दिसत होतं हे मामा आजही दोन्ही पंजे पसरून दाखवतो.

मी फोंड्याकडच्या एका हायर सेकंडरीत भौतिकशास्त्र शिकवते. ‘सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५८०० केल्विन, त्याच्या बाहेरच्या कोरोनाचं मात्र दहा लाखांच्या वर’ हे वाक्य मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आले. गेल्या जूनमध्ये बारावीतल्या एका मुलीने हात वर केला. “टीचर, पण मोजलं कसं? तिथे कोण गेलं होतं?” वर्ग हसला. मी वर्णपटाबद्दल चार वाक्यं सांगितली, ती बरोबरही होती. घरी येताना बसमध्ये मात्र डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती चार वाक्यं मी वाचलेली होती. केलेलं काहीच नव्हतं.

पुण्यात एका संशोधन संस्थेत माझी एमएस्सीची मैत्रीण सूर्यावरच काम करते. त्याच रात्री तिला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, दुर्बीण कशाला हवी? हिनोडे उपग्रहाचा सगळा डेटा फुकट आहे. एक रास्टर उतरवून घे, वर्णपटातल्या दोन रेषा पकड आणि घनता काढ. तापमान नंतर. घनता आधी, कारण तिथे फसवायला जागा कमी.” शेवटचं वाक्य फार खरं निघालं नाही, पण ते पुढे येईलच.

मोजणीची ही गोष्ट लोखंडापासून सुरू होते, आणि डिचोलीत वाढल्यामुळे मला ती घरची वाटते. ७ ऑगस्ट १८६९ च्या खग्रास ग्रहणात अमेरिकेत हार्कनेस आणि यंग या दोघांनी कोरोनाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा पाहिली, ५३०.३ नॅनोमीटरवर. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानण्यात आलं. जवळजवळ सत्तर वर्षं ते टिकलं. मग जर्मनीचे ग्रोट्रियन आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांच्या कामातून १९४० च्या आसपास उलगडलं की ही रेषा लोखंडाची आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. आमच्या खाणीतल्या हेमटाइटमध्ये लोखंडाने तीन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, आणि तेवढ्यावर अंगणातली माती लाल होते. हायड्रोजनचा एकुलता इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. लोखंडाचा तेरावा काढायला ३६१ लागतात. एवढी जोरदार धडक देणारे इलेक्ट्रॉन जिथे सतत फिरताहेत, तिथलं तापमान लाखांतच मोजावं लागणार. किती इलेक्ट्रॉन गेलेलं लोखंड कुठे चमकतंय, हेच तापमानाचं पहिलं माप.

हे मामाला सांगितलं तेव्हा तो ताठ बसला.

“लोखंड? सूर्यावर? किती ग्रेडचं गो बाय?”

मी हिशेब करून सांगितलं की हायड्रोजनचे तीसेक हजार अणू मोजावे तेव्हा लोखंडाचा एक लागतो. वजनात धरलं तर हजार किलोत सव्वा किलोच्या आसपास.

“आमच्याकडे पन्नास टक्क्यांच्या खालचा माल कोण उचलायचा नाही,” मामा म्हणाला, आणि मग थोडा वेळ थांबून, “पण तेवढ्यानेसुद्धा दिसतं ना?”

दिसतं. अतिनील किरणांच्या टोकाला, १७० ते २९० अँगस्ट्रॉमच्या (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) पट्ट्यात, तापलेल्या कोरोनाच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांचीच गर्दी आहे. हे किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून उपकरण वर न्यावं लागतं. जपानचा हिनोडे उपग्रह सप्टेंबर २००६ मध्ये गेला. त्याच्यावरचा ईआयएस हा वर्णपटमापक एका अरुंद फटीतून सूर्याकडे बघतो. फटीतून आलेल्या उजेडाचा वर्णपट नोंदवायचा, मग नजर आर्कसेकंद-दोन आर्कसेकंद बाजूला सरकवायची आणि पुन्हा नोंदवायचं. एक आर्कसेकंद म्हणजे सूर्यावर सव्वासातशे किलोमीटर. अशी पट्टी-पट्टी जोडून जे चित्र होतं त्याला रास्टर म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक पूर्ण वर्णपट असतो.

मी २०१४ मधलं, डागांच्या एका सक्रिय प्रदेशाचं रास्टर निवडलं. जुलैचा पहिला आठवडा होता. पाऊस असा लागला होता की आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप नाही, कपडे पंख्याखाली वाळवायचे. फाइल उतरताना दोनदा लाईट गेली. तिसऱ्यांदा रात्री अडीचला ती पूर्ण उतरली. सकाळी शाळेत जायचं होतं, तरी मी तशीच बसून ती उघडली.

आता घनता कशी निघते ते नीट सांगते, कारण मला स्वतःला ते समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि समजल्यावर सगळ्यात जास्त आनंद झाला.

बारा इलेक्ट्रॉन गेलेलं लोखंड घ्या. वर्णपटवाले त्याला ‘एफई थर्टीन’ म्हणतात. त्यांच्या मोजणीत पूर्ण अणूला एक आकडा असतो, म्हणून बारा गेले की तेरा. हे लोखंड साधारण १८ लाख केल्विनला सगळ्यात जास्त प्रमाणात असतं. त्याच्या तळाशी तीन पायऱ्या आहेत, अगदी जवळजवळ. सगळ्यात खालच्या पायरीवर असताना त्याला इलेक्ट्रॉनची धडक बसली तर ते वर उडी मारतं आणि खाली येताना २०२.०४ अँगस्ट्रॉमचा किरण सोडतं. तिसऱ्या पायरीवर असताना धडक बसली तर परतताना निघतो २०३.८२ चा किरण. खरी गोष्ट त्या तिसऱ्या पायरीची आहे. तिथून आपणहून खाली उतरायला लोखंडाला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. अणूंच्या जगात ही फार मोठी मुदत आहे, वरच्या उडीतून तो त्याच्या कोट्यवधी पट लवकर परततो. आसपास इलेक्ट्रॉन विरळ असतील तर तिसऱ्या पायरीवर फारसं कोणी सापडतच नाही, सगळे उतरून तळाला गेलेले असतात. इलेक्ट्रॉन दाट असतील तर धडका इतक्या पटापट बसतात की उतरायच्या आत पुन्हा वर ढकललं जातं, आणि तिसरी पायरी भरलेली राहते. म्हणून घनता वाढली की २०२.०४ च्या तुलनेत २०३.८२ उजळत जाते. दोन्ही रेषा एकाच आयनच्या, म्हणजे तेवढेच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या. त्यामुळे लोखंड एकूण किती आहे, ते किती खोलवर पसरलं आहे, हे सगळं भागाकारात छेद जाऊन निघून जातं. उरतं ते फक्त इलेक्ट्रॉन किती दाटीने आहेत एवढंच. कुठल्या गुणोत्तराला कुठली घनता, याचं गणित ‘कियान्टी’ या अणुमाहितीच्या संग्रहातून मिळतं. हा संग्रह १९९६ पासून सगळ्यांना खुला आहे.

मी पायथनमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक ठिपक्यासाठी दोन्ही रेषांवर एकेक घंटेच्या आकाराचा वक्र बसवायचा, वक्राखालचं क्षेत्रफळ घ्यायचं, भागायचं, कियान्टीच्या वक्राशी ताडायचं. ईआयएसच्या प्रणालीत या रेषांसाठी तयार साचे मिळतात, पण मला सगळं हाताने करून बघायचं होतं. दोन रात्रींत नकाशा तयार झाला. सक्रिय प्रदेशाच्या गाभ्यात एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ३०० कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे २५ अब्ज अब्ज रेणू असतात. त्यापुढे हे जवळजवळ निर्वातच. दहा-वीस लाख केल्विन असूनही त्या जागेत उष्णता म्हणावी तेवढी साठलेली नाही, ती यामुळेच. पुस्तकात सक्रिय प्रदेशासाठी शंभर ते हजार कोटी हाच पल्ला दिलेला असतो. मी आकडा मैत्रिणीला पाठवला आणि निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. “कोपऱ्यातल्या शांत भागात किती येतं?”

शांत भागात १५० कोटी येत होते. तिथे काहीच घडत नसतं. तिथे फार तर पन्नासेक कोटी यायला हवे होते. गाभ्याच्या निम्म्याइतकी दाट असलेली शांत जागा म्हणजे शांत जागाच नाही. माझा नकाशा गाभ्यापाशी खरा वाटत होता, कडेला मात्र सरळ खोटं बोलत होता.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या १५० च्या मागे होते. आधी वाटलं पार्श्वभूमीचा उजेड नीट वजा केला नसेल. तो तीन पद्धतींनी करून पाहिला. मग वाटलं एककांत गोंधळ आहे. मग कियान्टीच्या आवृत्तीवर संशय घेतला. दिवसभर शिकवायचं, संध्याकाळी उत्तरपत्रिका, रात्री हे. मुलगा आठवीत आहे, तो विचारायचा, “आई, अजून शून्य उरलं नाही?” सगळं प्रमाण बसवल्यावर उरलेली चूक शून्याजवळ यायला हवी, एवढं त्याने माझ्या बोलण्यातून उचललं होतं. उरत होती, आणि ती सारखी एकाच बाजूला उरत होती. खरं तर ते मला तिथेच दिसायला हवं होतं.

शेवटी मैत्रीण फोनवर म्हणाली, “नकाशा बंद कर. शांत भागातला एक ठिपका घे, आणि वक्र न बसवता नुसते मोजलेले आकडे कागदावर मांड.”

आलेखवहीचं पान घेतलं. ईआयएसचा वर्णपट सलग रेघ नसते, सुमारे ०.०२२ अँगस्ट्रॉम अंतरावरचे सुटे ठिपके असतात. मी एकेक ठिपका पेन्सिलने मांडत गेले. डावीकडून चार-पाच ठिपके सपाट, तळाशी. मग ठिपके वर चढायला लागले, आणि २०३.७२ पाशी थांबून किंचित खाली आले. मग पुन्हा चढले, २०३.८२ ला शिखर, आणि उजवीकडे स्वच्छ उतार. डावीकडे खांद्यासारखा एक उंचवटा होता, शिखरापासून साडेचार ठिपके अलीकडे. माझ्या एकाच वक्राने रुंद होऊन तो उंचवटा पोटात घेतला होता, आणि त्याचंही क्षेत्रफळ एफई थर्टीनच्या खात्यावर जमा केलं होतं.

तो उंचवटा एफई ट्वेल्व्हचा. अकरा इलेक्ट्रॉन गेलेल्या लोखंडाची रेषा, २०३.७२ वर. सक्रिय गाभ्यात घनता जास्त, म्हणून २०३.८२ स्वतःच एवढी उंच असते की शेजारणीचा हिस्सा त्यात किरकोळ ठरतो. शांत भागात २०३.८२ फिकी पडते, शेजारीण मात्र तेवढी फिकी पडत नाही, आणि गुणोत्तर खोटं वाढतं. म्हणून चूक कडेला मोठी आणि मध्ये लहान होती. हे कळल्यावर मी पुन्हा वहीकडे बघत बसले. तीन आठवडे ज्याने छळलं ते पेन्सिलच्या पाच-सहा ठिपक्यांत होतं.

दोन वक्र बसवले. शांत भाग ४० कोटींच्या आसपास उतरला. गाभाही ३०० वरून २५० कोटींवर आला. खात्रीसाठी एफई ट्वेल्व्हचीच दुसरी जोडी घेतली, १८६.८८ आणि १९५.१२. ती थोडी जास्त घनता सांगते. या दोन आयनांचं पूर्वी बरंच वाकडं होतं. अणूंची गणितं सुधारत गेली तशी दरी कमी झाली. माझ्या नकाशात दोन्ही जोड्यांनी दाट जागा दाट आणि विरळ जागा विरळ दाखवली, तेवढ्याने माझं समाधान झालं.

तापमान चवथीनंतर हाती घेतलं. त्याची पद्धत वेगळी. एकेका आयनची रेषा किती उजळ आहे ते घ्यायचं आणि विचारायचं: सगळा वायू अमुक तापमानाचा असता तर एवढा उजेड द्यायला तो किती लागला असता? प्रत्येक तापमानासाठी हे उत्तर काढलं की त्या रेषेचा एक उखळीसारखा वक्र मिळतो. एफई टेनचा तळ ११ लाखांजवळ, एफई फोर्टीनचा २० लाखांजवळ, एफई सिक्स्टीनचा त्याच्याही पुढे. सगळे वक्र एका कागदावर काढायचे. वायू खरोखर एकाच तापमानाचा असेल तर ते सगळे एका बिंदूत छेदतात.

माझे छेदेनात. यावेळी मात्र मी नकाशे ढिगाने काढत बसले नाही, थेट एका ठिपक्याकडे गेले. ईआयएसमध्ये दोन डिटेक्टर आहेत, एक लहान तरंगलांब्यांसाठी आणि एक मोठ्या. दोन्हींवरची चित्रं उभ्या दिशेने सतरा-अठरा पिक्सेल सरकलेली असतात. मी एकाच क्रमांकाचा ठिपका दोन्हींत घेत होते, म्हणजे अर्ध्या रेषा एका जागेच्या आणि अर्ध्या बारा-तेरा हजार किलोमीटर दूरच्या. पृथ्वीच्या व्यासाएवढं अंतर. हे एका संध्याकाळीत सापडलं.

सरकवून घेतल्यावर सूर्याच्या कडेबाहेरच्या एका शांत जागेचे वक्र सुंदर एकत्र आले, बारा-तेरा लाखांच्या आसपास एका छोट्या गाठीत. सक्रिय गाभ्यात मात्र गाठ पडलीच नाही, सरकवूनही नाही. तिथे पडणारही नव्हती. आपली नजर त्या जागी एकामागे एक उभ्या असलेल्या अनेक चुंबकीय कमानींतून आरपार जाते, आणि कुठलीतरी दहा लाखांची असते, कुठलीतरी तीस लाखांची. तिथे विचारायचं ते एवढंच की कुठल्या तापमानाचा वायू किती आहे. ‘कोरोनाचं तापमान दहा लाखांच्या वर’ हे वाक्य मी आता फळ्यावर लिहिताना पुढे लगेच विचारते, कुठल्या जागचं?

मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. दिवाळीत त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्याने नकाशा बराच वेळ बघितला आणि विचारलं, “मी अंकोल्याला बघितलं ते पांढरं, ते हेच लोखंड?”

नाही, ते लोखंड नव्हतं. त्याने पाहिलेला पांढरा उजेड मुळात सूर्याच्या पृष्ठभागाचाच होता. कोरोनातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटून तो त्याच्याकडे वळला होता. पृष्ठभागाच्या तेजाच्या दहा लाखाव्या भागाइतका, म्हणून एरवी दिसत नाही. तो उजेड किती, यावरूनही इलेक्ट्रॉनांची संख्या काढतात, अणूंचं काही गणित न लागता. म्हणजे ज्या इलेक्ट्रॉनांच्या धडका मी दोन रेषांतून मोजल्या, तसलेच इलेक्ट्रॉन त्याने सरळ डोळ्यांनी पाहिले होते. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असेल, कारण मामी आतून बाहेर आली.

आदित्य-एल१ वर आता आपल्याच देशाचं एक कोरोनादर्शक आहे, बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बांधलेलं. ते १८६९ च्या त्याच हिरव्या रेषेवर वर्णपट घेतं. त्याची दुसरी एक रेषा अवरक्तात आहे, १०७४.७ नॅनोमीटरवर. ती एफई थर्टीनचीच, दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर उतरताना निघणारी. या पायऱ्या माझ्या आता इतक्या ओळखीच्या झाल्यात की तो आकडा कुठे छापलेला दिसला तर मी थांबून वाचते.

शाळेत जानेवारीत आम्ही आलेखवह्या घेऊन बसलो. मी त्या शांत ठिपक्याचे आकडे फळ्यावर लिहिले आणि एवढंच सांगितलं, ठिपके मांडा, चौकोन मोजा. जूनमध्ये प्रश्न विचारणारी मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने पाचव्या-सहाव्या ठिपक्यावर पेन्सिल थांबवली, खोडलं, पुन्हा फळ्याकडे बघितलं, पुन्हा तिथेच ठिपका दिला. मी काही बोलले नाही. पुढच्या तासाला एफई ट्वेल्व्हची जोडी घेणार आहोत. १९५.१२ ला चिकटून १९५.१८ वर त्याच आयनची आणखी एक रेषा आहे, इतकी जवळ की तिचा खांदासुद्धा वेगळा दिसत नाही. ती मुलांना मी अजून सांगितलेली नाही.